काळा घ्यावा की करडा

माझा दादा मुळात कमी बोलणारा. शहाडच्या पुढे एका कारखान्यात तो विजेच्या देखभालीचं काम करायचा, डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहायचा, आणि घरी आला की पेपर तोंडासमोर धरून बसायचा. आई गेल्यावर आमचं भेटणंही हळूहळू कमी झालेलं. मी ठाण्यात माजिवड्याला, तो डोंबिवलीला. अंतर काही फार नाही, पण जायला निमित्त लागतं, आणि निमित्त आई होती.

मग त्याने कॅमकॉर्डर घेतला. त्या काळात मोबाईलवर बरं चित्रण व्हायचं नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे खांद्यावरचे मोठे कॅमेरे असायचे आणि हौशी माणसाकडे हाताच्या मुठीत मावणारा कॅमकॉर्डर. फुल एचडीवाले नुकतेच आलेले. दादाने महिनोन्‌महिने माहिती काढून एक काळ्या रंगाचा घेतला आणि पहिल्यांदाच, आपण होऊन, मला फोन केला.

"रविवारी ये. तुला एक दाखवायचंय."

मी गेले, तर हा माणूस दोन तास बोलत होता. झूम म्हणजे काय, हात थरथरला तरी चित्र का हलत नाही, आतला सेन्सर छोटा असला तर अंधारात काय होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अगं, लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं बोलले नाहीत हे."

दादाचं म्हणणं असं होतं, की हे सगळं इंटरनेटवर आहे पण इंग्रजीत आहे. आपल्या माणसाने हजारो रुपये घालायचे आणि दुकानदार सांगेल ते घ्यायचं. मराठीत कोणी नीट समजावून सांगत नाही. आपण सांगू. तू शाळेत मराठी शिकवतेस, तू वाक्यं लिही, मी बोलतो.

"तू बोलणार?" मी विचारलं.

"कॅमेऱ्यासमोर जमतं मला. समोर माणूस नसतं ना."

असे आमचे रविवार सुरू झाले. वर्ष-दीड वर्ष चालले असतील. त्याच्या कारखान्यातल्या, ओळखीच्या कोणाकडे नवा कॅमकॉर्डर आला की दादा तो दोन दिवसांसाठी मागून आणायचा आणि आपल्या काळ्याशेजारी ट्रायपॉडवर उभा करायचा. मग दोन्हींनी एकच गोष्ट टिपायची, घरी कॉम्प्युटरवर अर्धा-अर्धा पडदा करून लावायची आणि सांगायचं, कोण कुठे बरा. इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओखाली लोक लिहायचे, "दादा, छान समजावलंत." खरंच सगळे त्याला दादाच म्हणायचे. ते वाचताना तो कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. माझा भाऊ इतका देखणा आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्यातली जी तुलना सगळ्यात जास्त लोकांनी पाहिली, ती काळ्याची आणि एका करड्याची. करडा त्याच्या कारखान्यातल्या एकाच्या मेहुण्याने दुबईहून आणलेला. किमतीला दोघे जवळपास सारखे, म्हणून लोकांना त्यांच्यातच निवड करायची असायची.

पहिल्यांदा आम्ही शहाडला उल्हास नदीवर गेलो. पलीकडच्या काठाला म्हशी डुंबत होत्या. दादाने दोन्ही कॅमेरे लावले आणि झूम करत गेला. करडा मध्येच थांबला, त्याची ताकद तेवढीच. काळा मात्र पुढे पुढे जात राहिला, म्हैस पडद्यावर आली, मग तिचं डोकं, मग कानाजवळ बसलेला बगळा, आणि शेवटी त्या बगळ्याचा डोळा. मी छोट्या पडद्यात बघत होते आणि दादा माझ्याकडे.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आपण इथे उभे आहोत आणि तिथे त्याला पत्ताही नाही."

नंतर कल्याणच्या भाजी मार्केटात आवाजाची परीक्षा. भाव पुकारणारे, पाठीवर गोण्या घेऊन "बाजू, बाजू" ओरडत जाणारे हमाल, ट्रकचे हॉर्न. त्यात दोघेही सारखेच निघाले. आणि शेवटची परीक्षा माझ्या घरी, माजिवड्याला, कमी उजेडाची. संध्याकाळी पडदे ओढून एकच पिवळा दिवा ठेवला आणि मला पोळ्या लाटायला बसवलं. त्यात करडा सरळ जिंकला. काळ्याच्या चित्रात माझ्या चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे पसरलेले, आणि करड्यात गालाला लागलेलं पीठसुद्धा दिसत होतं.

व्हिडिओत दादाने हे सगळं खरं खरं सांगितलं. काही लपवलं नाही. बाहेर, उन्हात, लांबचं टिपायचं असेल तर काळा. घरात, कमी उजेडात करडा. फक्त शेवटी त्याने माझ्या कागदावर नसलेलं एक वाक्य घातलं : "पण आम्हाला विचाराल, तर काळा." बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर तो बगळा होता, हे मला दिसत होतं.

काही दिवसांनी त्याला एक फोन आला. ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून. माणूस पन्नाशीचा, घरची होडी अजून चालते पण तो स्वतः नोकरी करणारा. गावातली पालखी, होड्यांची पूजा, असलं सगळं तो जुन्या टेपवाल्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं टिपत आलेला. म्हणजे आमच्यासारखाच हौशी. त्या रविवारी मी डोंबिवलीलाच होते आणि दादाने फोन स्पीकरवर ठेवलेला.

"सायेब, तुमचा व्हिडिओ पायला. मना नवा घ्यायचाय. दोनांतला कुठला घेऊ?"

"काय काय शूट करणार तुम्ही?" दादाने विचारलं. हा त्याचा पहिला प्रश्न असायचा, आणि बरोबरच होता.

"होड्या. खाडीन् पाखरं येतात, ती. पालखी आमची. आनी पोरीचं लगीन हाय आता."

"मग डोळे मिटून काळा घ्या," दादा म्हणाला. "होडी पार मध्यावर असली तरी वल्हं मारणाऱ्याचा चेहरा दिसेल तुम्हाला."

पलीकडून तो माणूस इतका खुशीत हसला की वहिनीही हसली. कॅमेरा घेतल्यावर त्याने पुन्हा फोन केला, लग्नाचं आवतण दिलं. "हलदीला याच. आमची हलद पाऊन जा." दादाला त्या दिवशी दुपारपाळी होती आणि माझ्या शाळेत परीक्षा. आम्ही गेलो नाही.

लग्नानंतर बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. दादा दोनदा म्हणाला, "कसं झालं असेल शूटिंग?" शेवटी त्यानेच फोन लावला. तो माणूस म्हणाला, "या ना सायेब एकदा. बगा तुमीच." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून आम्ही अगदी आनंदात गेलो. दादाने डोंबिवलीहून पेढे आणलेले.

घर खाडीपासून दोन गल्ल्या आत. ओटीवर जाळं वाळत घातलेलं. त्याच्या बायकोने आम्हाला टीव्हीसमोरच्या खुर्च्यांवर बसवलं, सरबत दिलं. लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला आलेली, ती आतल्या खोलीत होती. त्या माणसाने कॅमेरा टीव्हीला जोडला. कॅमेऱ्यावर त्याच्या बायकोने मखमलीचं निळं कव्हर शिवलेलं.

सुरुवात सुंदर होती. दुपारचा मांडव, केळीचे खांब, नऊवारीतल्या बायका, डोक्यावर फुलं. एकेक चेहरा लख्ख. दादा खुर्चीच्या कडेला आला. "व्वा," तो म्हणाला. "काय हात आहे तुमचा."

मग रात्रीची हळद सुरू झाली आणि पडदा काळा पडला.

"लायट गेली," तो माणूस शांतपणे म्हणाला. "पुऱ्या गावची. जनरेटरवाला यायला मागत नाय. मुहूर्त टळत होता, मंग बायका बोलल्या, थांबायचं नाय."

पोरांनी दोन मोटारसायकली मांडवाच्या तोंडाशी आणून त्यांचे दिवे आत सोडले होते. कोणीतरी कंदील टांगलेला. पडद्यावर त्यातलं काय दिसत होतं? दोन पांढरे गोळे, आणि बाकी सगळीकडे वळवळणारे दाणे, पिवळे, तांबडे, हिरवे. त्या दाण्यांत माणसं हलत होती, पण कोण कुठलं ते कळत नव्हतं. कॅमेरा फोकस शोधत होता. त्या दिव्यांवर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. धापा टाकल्यासारखं चित्र आत-बाहेर होत होतं.

आवाज मात्र स्वच्छ होता. एक म्हातारी बाई खड्या आवाजात गात होती, मागून बाकीच्या बायका सूर ओढत होत्या. त्याची बायको मला म्हणाली, "आमची धवलारीन. लग्नात धवले तीच गाते. तिच्याबिगर हलद लागत नाय." गाण्यातला शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. बांगड्या वाजत होत्या, कोणीतरी रडतही होतं, बहुतेक नवरीच. मी डोळे मिटले तर पूर्ण हळद समोर उभी राहत होती, आणि उघडले की ते दाणे.

आम्ही तसेच बसून राहिलो. बंद करा म्हणायचं धाडस दादाला होईना, आणि त्या माणसालाही बहुतेक वाटत होतं, की पाहुण्यांना पूर्ण दाखवावं.

तेवढ्यात लेक चहा घेऊन बाहेर आली. हिरव्या बांगड्या अजून हातात, चेहऱ्यावर नव्या नवरीचं तेज. टीव्हीकडे बघून ती हसली. "ताई, यात मी कुठं हाय, सांगा बघू. मलाच नाय सापडत. घरवाल्याला दाखवलं, तर तो बोलतो, ही तुझी हलद की कोनाची?"

"गप गं," आई म्हणाली.

"खोटं काय बोलते? माझं तोंडच नाय अख्ख्या हलदीन्."

ती चेष्टेत बोलत होती. सासरी सुखात होती, तिच्या मनात काही नव्हतं. चहा देऊन ती आत निघून गेली. पण मी दादाकडे पाहिलं, तर त्याने कप हातात घेतलेला आणि तो प्यायचं विसरलेला.

"करडा घेतला असता, तर दिसली असती," तो म्हणाला.

त्या माणसाने टीव्ही बंद केला. "सायेब, तुमी काय लायट घालवली काय? कोनाच्या हातान् व्हतं ते?"

"मोटारसायकलच्या उजेडातसुद्धा दिसली असती. मला माहीत होतं ते. आम्ही तपासलं होतं."

"अहो, लायट असती तर हाच पन भारी चालला असता. पालखीला बगा ना काय काम केलंय यानं."

दादाने पालखी पाहिली नाही. चित्रणाची एक प्रत मागून घेतली, बघतो काही करता येतं का म्हणाला, आणि आम्ही निघालो.  स्टेशनाबाहेर रिक्षातून उतरल्यावर मी म्हणाले, "तू त्यांना विचारलं होतंस, काय शूट करणार म्हणून."

"त्याने सांगितलंही होतं. होड्या, पाखरं, पालखी आणि लग्न." तो म्हणाला. "मला होड्याच ऐकू आल्या."

"अरे पण वीज जाणार, हे कोणाला ठाऊक होतं?"

"मी विजेच्याच कामावर आहे," तो म्हणाला, आणि जिना चढून गेला.

पुढचे कितीतरी रविवार त्याने त्या चित्रणावर घालवले. उजेड वाढवून बघितला, तर दाणेच मोठे झाले. दाणे पुसून बघितले, तर माणसं मेणासारखी वितळली. एकदा मी गेले, तेव्हा एकाच ठिकाणी थांबवून तो मला विचारत होता, "ही बघ, ही मुलगी असेल का? इथे, डाव्या बाजूला? मुंडावळ्यांसारखं काहीतरी आहे." मला नुसता पिवळा डाग दिसत होता. मी म्हणाले, असेल. ते खोटं आहे, हे त्याला माझ्या आवाजावरून कळलं. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

नंतर त्याने ती तुलना इंटरनेटवरून काढून टाकली. मग एकेक करत सगळ्याच. लोकांनी विचारलं, दादा कुठे गेलात, नवा व्हिडिओ कधी? त्याने उत्तरं दिली नाहीत. कारखान्यातलं कोणी कॅमेरा घेऊन आलं की म्हणायचा, वेळ नाही. स्वतःचा काळा त्याने वहिनीच्या भावाला देऊन टाकला. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, एवढ्या लोकांना तुझा उपयोग झाला, त्यांच्याकडे बघ ना. तो म्हणाला, "त्यांच्या घरी मी गेलो नाही. या मुलीच्या घरी गेलो."

  तो चुकीचं वागत होता एवढं कळत होतं, पण कुठे चुकतोय ते शब्दांत सांगता येत नव्हतं, आणि मी तर भाषा शिकवणारी.

पुढच्या हिवाळ्यात त्या माणसाचा मला फोन आला. दादा त्याचा फोन उचलत नव्हता. "ताई, पाखरं आलीत खाडीन्. लय भारी घेतलंय. सायबांना घेऊन या."

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, तू जा. मी एकटीच गेले. त्याच घरी, त्याच खुर्चीवर बसले. त्याने लावलं आणि मी बघतच राहिले. भरती ओसरलेली, चिखल चमकतोय, आणि त्यात रोहित पक्ष्यांचा थवा, एकेकाची वाकडी चोच दिसावी इतका जवळ. मग कॅमेरा वळला. खाडीच्या पार मध्यावर एक होडी होती, ती हळूहळू जवळ आली. वल्हं हातात घेतलेला एक काळासावळा माणूस, कपाळावर घाम, तोंडात काहीतरी चघळतोय. स्वतःशीच हसला. कॅमेरा हललासुद्धा नाही.

"माझा भाव," तो म्हणाला. "त्याला म्हायतीच नाय, मी घेतोय ते. घरान् तो कदी असा हसत नाय. सायेब बोललेले ना, चेहरा दिसल? बगा, दिसला."

मी म्हटलं, याची प्रत द्या, दादाला दाखवते.

"नाय ताई," तो म्हणाला. "प्रत देनार नाय. त्यांना सांगा, हिथं येऊन बगायचं. मी वाट बगतो."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला दादा घरी यायला हवा होता. त्याने एक चांगली युक्ती केली, आणि दुसऱ्या कोणावर ती चाललीही असती. दादाला मी सगळं वर्णन करून सांगितलं. चोचीही सांगितल्या, त्या भावाचं हसूही. त्याने नीट ऐकलं. "जाऊ एकदा," म्हणाला. पुढच्या वर्षीही असंच म्हणाला. मग मीही विचारायचं सोडलं. माझ्या मुलीची दहावी आली, वहिनीचं गुडघ्याचं दुखणं निघालं, आणि आमचं भेटणं परत सणावारावर आलं. भाऊबीजेला तो येतो, ताटात पाकीट ठेवतो, पेपर मागतो.

मोबाईलनेच सगळं व्हायला लागलं, तशी कॅमकॉर्डर ही वस्तूच दुकानांतून गेली. आता कोणी विचारत नाही काळा घेऊ की करडा. माझी मुलगी तिच्या फोनवर अंधारात काढलेलं दाखवते, तर दिवसासारखं उजळ असतं. मी दादासमोर ते दाखवायचं टाळते.

गेल्या वर्षी शाळेच्या कामाने मी त्या बाजूला गेलेले. पाय आपोआप कोळीवाड्याकडे वळले. तो माणूस घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, लेकीला दुसरं बाळ झालंय, ते नवरा-बायको तिकडेच असतात बरेचदा, आज ती एकटी घर झाडायला आलेली. तिचा दीर होडीवर जात नाही आता, होडी विकली. मला तिने ओळखलं, आणि माझ्या मागे दारात बघितलं, कोणी आहे का म्हणून.

"सायेब नाय आले?"

"नाही."

"हे लय दिवस बोलायचे. पाखरं आली की बोलायचे, या साली येतील. आता नाय बोलत."

तिने मला बसवलं, चहा केला. कॅमेऱ्याचं विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण तिनेच सांगितलं. चालतो अजून. नातवाचं बारसं त्यावरच काढलं. लोकं हसतात, फोन असताना हे काय घेऊन फिरता म्हणून. पण ह्यांना तोच लागतो.

त्याच आठवड्यात मी मुद्दाम डोंबिवलीला गेले. दादा निवृत्त झालाय आता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी त्याला सगळं सांगितलं, होडी विकली ते, नातवाचं बारसं त्याच काळ्या कॅमेऱ्यावर काढलं ते, आणि तो माणूस आता वाट बघत नाही तेही. ते सांगताना मला बरं वाटत नव्हतं, पण म्हटलं, कोणीतरी सांगायला हवं.

तो ऐकत होता. वहिनी आतून म्हणाली, "जाऊन या की अजूनही. कुठे सातासमुद्रापलीकडे आहे?"

"आता काय जाऊन," तो म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता, "नातवाचं बारसं संध्याकाळी होतं का गं?"

"मी विचारलं नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. वहिनीने पोहे आणून ठेवले, आणि आम्ही तिघं बातम्या बघत ते खाल्ले.